‘तुझ्याच सोयीसाठी’ ऑफिसात बसण्याआधी

ताई,
मी ३१ वर्षांची सिव्हिल इंजिनिअर. आठ वर्षं साइटवर काढली, त्यातली शेवटची तीन वाकडच्या एका बावीस मजली टॉवरवर. मुलगी आता साडेपाच महिन्यांची आहे आणि तीन आठवड्यांनी मला रुजू व्हायचंय. परवा प्रोजेक्ट मॅनेजर सरांचा फोन आला. म्हणाले, “आता साइटची दगदग नको. हेड ऑफिसला बस, बिलिंग बघ. तुझ्याच सोयीसाठी म्हणतोय.” मी “हो सर, बघते” म्हटलं आणि फोन ठेवल्यावर रडले. मला साइटच आवडते. पण भीतीही वाटते. सिझेरियन झालंय, मुलगी अंगावर पिते, रात्रीचे पोअर, म्हणजे काँक्रीट ओतायची कामं, कशी जमणार? सगळं विसरल्यासारखंही वाटतंय. नवरा आयटीत आहे. सासूबाई साताऱ्याहून चार महिने येऊन राहायला तयार आहेत. आणखी एक. आमच्या साइटवर एक बिगारी बाई बाळाला साडीच्या झोळीत टाकून दिवसभर घमेलं वाहते. तिच्याकडे बघितलं की वाटतं, मी कसली तक्रार करतेय?
— एक साइट इंजिनिअर, वाकड

प्रिय मुली,

वयाने तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून ‘तू’ म्हणते. फोनवर “बघते” म्हणालीस ते बरंच झालं. ‘बघते’ म्हणजे होकार नव्हे. तुझं उत्तर अजून तुझ्याच हातात आहे आणि तीन आठवडे पुरेसे आहेत.

मला १९९५ साली हाच निरोप आला होता, फक्त फोनवर नाही, समोर बसवून. तेव्हा बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांची असायची. माझा मुलगा अडीच महिन्यांचाही नव्हता आणि टाके ओढायचे. साहेब म्हणाले, सहा महिने ऑफिसात बसा, मग साइट आहेच. मला इतकं हायसं वाटलं की मी आभार मानले. ते सहा महिने साडेचार वर्षं चालले. मोजमाप वह्या, बिलं, पत्रव्यवहार, सगळं मन लावून केलं. मधल्या काळात माझ्यानंतर लागलेली दोन मुलं साइट इन्चार्ज झाली, कारण बढतीच्या वेळी प्रश्न एकच असायचा, “स्वतंत्रपणे किती स्लॅब काढलेत?” वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मी परत कधी येणार हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं आणि मीही मागितलं नव्हतं, एवढंच झालं.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. तुला साइट आवडते, तर साइटवरच रुजू हो. बिलिंग कमी दर्जाचं काम आहे म्हणून हे सांगत नाही. क्वांटिटी, प्लॅनिंग, कॉन्ट्रॅक्ट या खात्यांत उत्तम करिअर करणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत, पण ते त्यांनी निवडलं होतं. फोन ठेवल्यावर तुला रडू आलं, त्यातच तुझी निवड कळली.

सरांना फोन करू नकोस, मेल कर. इंग्रजीत लिहितेस तर इंग्रजीत लिही, पण आशय असा ठेव: “सर, तुम्ही माझा विचार केलात याबद्दल आभार. मी अमुक तारखेला त्याच टॉवरवर, आधीच्याच जबाबदारीवर रुजू होईन. पहिले तीन महिने मला रात्रीचा पोअर देऊ नये. त्या काळात पोअरआधीची सळईची तपासणी, पोअर कार्ड आणि दुसऱ्या दिवशीचं क्युरिंग, शटरिंग खोलणं हे सगळं मी बघेन. तीन महिन्यांनी, अमुक तारखेला, आपण याचा फेरविचार करू.” तारीख गाळू नकोस. तारखेशिवाय मागितलेली सवलत मुरते आणि मग तीच तुझी ओळख होऊन बसते.

आता ही मागणी वाजवी का आहे ते सांगते, कारण सरांनी विचारलं तर तुला ठामपणे बोलता आलं पाहिजे. साइट म्हणजे चोवीस तास हजेरी, असं आपल्या धंद्यात सगळेच धरून चालतात. पण एका स्लॅबचा प्रवास डोळ्यासमोर आण. मार्किंग, भिंतींची सळई, वायरी-पाइपांसाठीच्या कंड्युट आणि स्लीव्ह, ॲल्युमिनियमचे फॉर्म म्हणजे साचे बंद करणं, स्लॅबची सळई, लेव्हल, मग काँक्रीट. यात इंजिनिअरच्या डोळ्याशिवाय पुढे जाऊच नये अशा जागा मोजक्या आहेत. कव्हर ब्लॉक बसलेत का, लॅप, म्हणजे सळयांचे जोड, योग्य ठिकाणी आहेत का, बाथरूमच्या स्लीव्ह सुटल्यात का, कॉलमची रिंग गाठीपाशी दाट आहे का. काँक्रीट पडल्यावर यातलं काहीही दिसत नाही आणि दुरुस्तही होत नाही. ही तपासणी दिवसाउजेडी होते, आणि ती करणारा माणूस नजरेने पक्का लागतो. आठ वर्षांत तुझी नजर तयार झालीय. पोअर रात्री लागतो तो बहुतेक वेळा तयार काँक्रीट आणणाऱ्या ट्रान्झिट मिक्सरच्या वाहतुकीमुळे. त्या वेळी स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती पातळ-घट्ट आहे ते, बघायला, व्हायब्रेटर नीट फिरतोय का हे बघायला, ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरून घ्यायला माणूस हवाच. पण तो तूच असायला हवं असं नाही. तुझ्या जोडीच्या इंजिनिअरला रात्र दे आणि दुसऱ्या दिवशीची त्याची सगळी कामं तू घे. त्यालाही झोप मिळेल, तोही खूश राहील. तास मागायला जाशील तर घासाघीस होईल. टप्पे वाटून घेतलेस तर ती साधी कामाची वाटणी ठरते.

रात्रीच्या कामाबद्दल आणखी एक लक्षात ठेव. त्यासाठी बाईची संमती लागते आणि तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था मालकाने करायची असते. तेव्हा “रात्री येणार नाही” म्हणताना आवाज खाली करू नकोस.

कायद्याचं थोडक्यात सांगते. १९६१चा मातृत्व लाभ कायदा, त्यात २०१७ साली झालेली दुरुस्ती आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता, या सगळ्यांत तुझ्या कामाच्या गोष्टी टिकून आहेत. या रजेमुळे तुला काढता येत नाही आणि नोकरीच्या अटी तुझ्या तोट्याच्या बाजूने बदलता येत नाहीत. ऑफिसात बसवताना पगार तोच ठेवून साइट अलाउन्स कापणार असतील, तर तो तोटाच आहे. हेड ऑफिसची बदली गोड वाटत असली तरी आधी पगाराची स्लिप काढून त्यात साइट अलाउन्सची ओळ किती रकमेची आहे ते बघ. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या जेवणाच्या सुट्टीखेरीज दूध पाजण्यासाठी दोन विश्रांत्या मिळतात. तू रुजू होशील तेव्हा लेक सहा महिन्यांची झालेली असेल, म्हणजे पुढचे जवळपास नऊ महिने हा तुझा हक्क आहे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करावी लागते आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा द्यावी लागते. एचआरला विचार, “आपलं पाळणाघर कुठे आहे?” प्रश्न असाच विचार. ‘आहे का’ असं विचारू नकोस.

आता ज्या गोष्टीबद्दल तू लिहिलंच नाहीस, त्याबद्दल. संडास.

आपण बायका साइटवर पाणी पीत नाही. मी वीस वर्षं प्यायले नाही. सकाळी घरून निघताना एक पेला, मग थेट संध्याकाळी. कारण कडी नसलेला पत्र्याचा आडोसा, आत पाणी नाही आणि बाहेर शंभर माणसं. लघवीचा जंतुसंसर्ग माझ्या पिढीतल्या साइटवरच्या जवळजवळ प्रत्येकीने भोगलाय, फक्त तो कुणी साइटशी जोडला नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला तर तहान नेहमीपेक्षा जास्त लागते. दिवसभर कोरडी राहिलीस तर तुलाच चक्कर येईल, आणि तीही आठव्या मजल्याच्या कडेला. त्यामुळे रुजू होण्याआधीच्या मेलमध्ये दुसरा परिच्छेद याचा लिही: आतून कडी लागणारा, पाणी आणि दिवा असलेला बायकांचा स्वतंत्र संडास. लाजायचं कारण नाही. हेल्मेट मागताना लाजतेस का?

दूध काढायला जागाही अशीच शोधून ठेव. वीसेक मिनिटं कुणी दार वाजवणार नाही अशी खोली हवी. पोर्टा केबिनमध्ये ते कठीण असतं, तिथे ड्रॉइंग घ्यायला कुणीतरी घुसतंच. पण तुमच्या टॉवरला सॅम्पल फ्लॅट असेलच. तिथे दार आहे, कडी आहे, नळाला पाणी आहे, बहुतेक वेळा फ्रिजही असतो. त्याची किल्ली सेल्सच्या लोकांकडे असते आणि ग्राहक येतात ते मुख्यतः शनिवार-रविवारी. तुझ्या दोन वेळा त्यांना सांगून ठेव. काढलेलं दूध साधारण पंचवीस अंशांच्या खोलीत चार तास टिकतं, पण उन्हाळ्यात आपल्या केबिनमध्ये तेवढं तापमान कधीच नसतं. म्हणून बाहेर ठेवूच नकोस. गोठवलेल्या आइस पॅकच्या चांगल्या कूलर बॅगेत ते चोवीस तासांपर्यंत राहतं. बाटलीवर वेळ लिहायला मार्कर आहेच तुझ्या खिशात. सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू होईल, नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात, तेव्हा दुपारचा भार जरा हलका होईल. पहिला महिना अवघड जातो. छाती दाटते, ताप आल्यासारखं वाटतं, शर्ट भिजतो. एक जादा शर्ट ड्रॉवरमध्ये ठेव, गडद रंगाचा.

घरी गेल्यावर लेक झेपावेल, तरी आधी कपडे बदल. सिमेंट बारीक असतं, ओलं झालं की कातडी जाळतं आणि मुलं तोंड नेमकं कॉलरपाशी खुपसतात. बूट साइटवरच काढून ठेव, घरी चपलेने जा. वॉटरप्रूफिंगचं किंवा एपॉक्सीचं काम बंद खोलीत चालू असेल तर तिथे थांबू नकोस. सेफ्टी ऑफिसरकडे त्या मालाचं माहितीपत्रक असतं, ते मागून डॉक्टरांना दाखव. काँक्रीट चिपिंग चालू असताना चांगला मास्क लाव. हे सगळं तू एरवीही करायला हवं होतंस, पण आपण आपल्यासाठी करत नाही आणि लेकरासाठी करतो. तसं तर तसं.

डॉक्टरांची चिठ्ठी घेशील तेव्हा एक सांभाळ. “हलकं काम द्यावं” असं लिहिलेली चिठ्ठी घेऊ नकोस. ती चिठ्ठीच तुला बिलिंगच्या टेबलावर नेऊन बसवेल. त्यांना तुझं काम नीट समजावून सांग, सरळ शिडी चढावी लागते, हार्नेस म्हणजे सुरक्षेचा पट्टा बांधावा लागतो, इतक्या तास उभं राहावं लागतं, आणि मग नेमकं लिहून घे: अमुक किलोच्या वर उचलू नये, अमुक तारखेपर्यंत उभी शिडी चढू नये, जिना आणि होइस्ट (साइटची लिफ्ट) चालेल. इंजिनिअरला वजन उचलावं लागतच नाही. हार्नेस मात्र जमिनीवर उभं राहून एकदा घालून बघ. छातीचा पट्टा आणि मांड्यांचे पट्टे आता पूर्वीच्या जागी बसणार नाहीत आणि टाक्यांवर काही दाबत असेल तर ते विसाव्या मजल्यावर कळून उपयोग नाही. सेफ्टी शूजही. बाळंतपणानंतर पाऊल अनेकींचं वाढतं. माझं अर्ध्या नंबरने वाढलं आणि मी वर्षभर जुनेच बूट घालून नखं काळी करून घेतली.

विसरल्यासारखं वाटतं म्हणतेस. तू काही विसरली नाहीस. तुझ्यामागे ड्रॉइंग बदललीत, हे खरं काम आहे. गेल्या सहा महिन्यांत कोणत्या ड्रॉइंगची कोणती आवृत्ती निघाली याची यादी पहिल्याच दिवशी माग. मग क्यूबचं रजिस्टर, त्यात अठ्ठावीस दिवसांचे निकाल कुठे घसरले ते बघ. मग गेल्या दोन महिन्यांचे रोजचे प्रगती अहवाल. हे तीन वाचलेस की इमारत तुझ्याशी पुन्हा बोलायला लागेल. रुजू होण्याआधी घरून हे करू नकोस. रजा आहे तोवर रजा. पहिले दोन दिवस केबिनमध्ये बसून वाच आणि वाचतेय असं उघड सांग. न वाचता पोअर कार्डावर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या परवानगीच्या कागदावर, सही मात्र करू नकोस, कितीही घाई असली तरी. मुकादम आणि फिटर काय म्हणतील याची काळजी मला वाटत नाही. एक चुकीचा लॅप पकडलास की त्यांना कळेल मॅडम आल्या.

घराबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास. त्यात सासूबाईंचा उल्लेख मनापासून आला आणि नवऱ्याचा नुसता व्यवसायापुरता. आईंचे उपकार मानावेत तेवढे थोडे, साताऱ्याचं आपलं घर-अंगण सोडून त्या फ्लॅटमध्ये येऊन राहणार आहेत. पण चार महिन्यांनी त्या परत जातील तेव्हा काय, हे आजच ठरवायला हवं. आणि तुझ्या अहोंना सांग की मुलगी दोघांची आहे. घरून काम करायचे दिवस त्यांना मिळत असतील तर ते आत्ता वापरावेत. तुला काँक्रीट घरून ओतता येत नाही, त्यांना लॅपटॉप घरून उघडता येतो. पुढच्या आठवड्यात दोन दिवस सकाळी आठ ते संध्याकाळी सहा तू घराबाहेर राहा आणि मुलगी त्या दोघांवर सोपव. बाटलीने पिते का, दुपारी झोपते का, सगळं तेव्हाच कळेल.

आता त्या झोळीतल्या बाळाबद्दल. पत्राचा हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला.

तिच्याकडे बघून तुला गप्प राहावंसं वाटतं. मला उलटं वाटतं. साइटवर संडास मागू शकेल, जिचा मेल वाचला जाईल, अशी बाई तू एकटी आहेस. तुझ्यासाठी म्हणून मागितलेला संडास ऑफिसच्या कुलपाआड ठेवू नकोस, तो तिलाही वापरता आला पाहिजे असंच लिही. बांधकामावरच्या मुलांसाठी पाळणाघर ही काही आजची कल्पना नाही. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत एका बांधकामाच्या जागेवरच मोबाइल क्रेशेस या संस्थेचं काम सुरू केलं. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यानेही, पन्नासहून जास्त महिला कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यायला सांगितलं होतं. आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेकडे रस्त्याच्या कामावर रोजंदारीने राबणाऱ्या बायकांच्या खटल्यात निकाल दिला की मस्टरवरच्या बाईलाही बाळंतपणाचे लाभ मिळालेच पाहिजेत. तुझ्या साइटवरच्या ठेकेदाराने हे ऐकलंही नसेल. त्याला तू सांगू शकतेस.

त्याहून लगेच होणारी एक गोष्ट आहे. तिची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का विचार. वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केलं असेल तर नोंदणी होते. नोंदीत महिला कामगाराला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी मंडळाकडून मदत मिळते, नैसर्गिक प्रसूतीला पंधरा हजार आणि शस्त्रक्रियेला वीस हजार रुपये. बहुतेक बायका अडतात त्या नव्वद दिवसांच्या दाखल्यावर. ठेकेदार टाळाटाळ करतो, आज देतो, उद्या देतो. पण त्याचं बिल तुमच्याच टेबलावरून पुढे जातं. बिल तपासताना मजुरांचे दाखले दिलेत का, एवढं सगळ्यांसमोर विचारलंस तरी ते बहुतेक मिळतील. तिची प्रसूती नोंदणीआधी झाली असेल तर या वेळची मदत कदाचित हुकेल, पण नोंदणी झाली की मुलांच्या शिक्षणाच्या योजना पुढे आहेतच. रुजू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात हे कर, नंतर कामाच्या रेट्यात राहून जातं.

आणि सोमवारी रुजू होऊ नकोस. साप्ताहिक सुट्टीच्या दोन दिवस आधीची तारीख माग. पहिला आठवडा दोनच दिवसांचा असू दे. त्या दोन दिवसांत ड्रॉइंग वाच, हार्नेस घालून बघ, सॅम्पल फ्लॅटची किल्ली कुठे असते ते बघून ठेव. तिसऱ्या दिवशी घरी लेकीजवळ झोप काढ. मेल मात्र या आठवड्यातच पाठव, आणि सरांचं उत्तर आलं की मला कळव. उत्तर फोनवर आलं तर काय बोलणं झालं ते त्याच संध्याकाळी त्यांना परत मेलवर लिहून पाठव.

तुझी,
ताई